शेवंडीच्या गावातला डोनेअर

हॅलिफॅक्सच्या बंदराला लागून लाकडी फळ्यांचा एक पायरस्ता आहे, जवळपास चार किलोमीटर लांब. उन्हाळ्यात मोठं क्रूझ जहाज लागलं की हजारोंनी माणसं त्यावर उतरतात, आणि बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते: लॉबस्टर, म्हणजे आपली शेवंड. दुकानांच्या पाट्यांवर ती लालभडक रंगवलेली असते, टी-शर्टवर असते, फ्रिजच्या चुंबकांवर असते. गावातल्या माणसाला मात्र विचारून बघा, शेवंड कुठे खावी? तो उलट विचारतो, ‘महिना कोणता?’

प्रश्न रास्त आहे. हॅलिफॅक्स ही कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी. इथला शेवंडीचा मोठा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि ३१ मेला संपतो. त्या सोमवारी सापळ्यांनी खच्चून भरलेल्या बोटी काळोखातच एकापाठोपाठ एक बंदरातून बाहेर पडतात. या दिवसाला इथे ‘डम्पिंग डे’ म्हणतात, आणि वारा फार असला तर तो सरळ पुढे ढकलतात, कारण सापळ्यांच्या ओझ्याने वर जड झालेली बोट कलंडायला वेळ लागत नाही. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, पर्यटकांची झुंबड उडते तेव्हा, आसपासच्या कोळ्यांचे सापळे धक्क्यावर रचून ठेवलेले असतात. मग ताटात येते ती कुठली? काही माल वेगळा हंगाम असलेल्या दुसऱ्या भागांतून येतो, काही थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतून, जिथे शेवंडी जिवंत साठवतात. यात फसवणूक काही नाही. पण ‘आज सकाळीच समोर पकडली’ असं जुलैमध्ये कोणी सांगितलं, तर हसून मान डोलवावी आणि कवच कडक आहे का, एवढं विचारावं. कात टाकलेल्या शेवंडीचं कवच मऊ असतं. आत मांस कमी आणि पाणी जास्त.

अरबी समुद्रातल्या आपल्या शेवंडीला लांब मिशा असतात, नांग्या नसतात. अटलांटिकच्या शेवंडीला दोन जाडजूड नांग्या: एक शिंपले चिरडायची, बोथट आणि मोठी, दुसरी कापायची, धारदार. जिवंत असताना रंग शेवाळी-काळपट. लाल होते ती फक्त पातेल्यात. कोळी सापळा उघडला की आधी मोजपट्टी काढतो. इथल्या पट्ट्यात डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत ८२.५ मिलिमीटर भरली तर ठेवायची, नाही तर परत पाण्यात. अंडी धरलेली मादी कितीही मोठी असली तरी परत पाण्यात. एवढी वाढायला शेवंडीला पाच ते आठ वर्षं लागतात, हे बिल येईल तेव्हा आठवावं.

बिल येतंच. मेन्यूवर शेवंडीपुढे बहुधा आकडा नसतो, ‘बाजारभाव’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा मागवण्याआधी विचारायला लाजू नये. छापलेल्या किमतीत करही धरलेला नसतो. नोव्हा स्कोशियात एप्रिल २०२५ पासून तो १४ टक्के आहे, आधी १५ होता. त्यावर १५ ते २० टक्के टिप. म्हणजे मेन्यूत जो आकडा दिसतो त्यात साधारण तिसरा हिस्सा मिळवायचा आणि मगच पोटाला विचारायचं.

ताटात येते ती अख्खी, उकडलेली, सोबत वितळलेल्या लोण्याची वाटी, लिंबू, आणि अडकित्त्यासारखं एक हत्यार. गळ्यात प्लॅस्टिकचा लाळेरा बांधतात. मोठ्या माणसाला त्याचा संकोच वाटतो आणि पहिली नांगी फुटून खारं पाणी थेट छातीवर उडालं की संकोच जातो. आधी नांग्या पिळून धडापासून सोडवायच्या. मग शेपूट धरून धडापासून वेगळी करायची, तिच्या टोकाचे पंखे मोडायचे आणि तिथून बोट घालून मांस पुढे ढकलायचं. अख्खं, एका तुकड्यात बाहेर येतं. घाईची माणसं इथे थांबतात. बारीक पाय टाकून देतात. पण प्रत्येक पाय दातांत धरून लाटण्यासारखा दाब देत ओढला की आतून काडीएवढं मांस निघतं, आणि शेवंडीतलं सगळ्यात गोड मांस ते, असं माझं ठाम मत आहे. धडातला हिरवा गर म्हणजे तिचं यकृत. जुने लोक तो पावावर लावून खातात. कॅनडाचं आरोग्य खातं मात्र मोठ्यांनी दिवसाला एकाच शेवंडीचा खावा आणि मुलांना देऊच नये असं सांगतं, कारण समुद्रातली विषारी द्रव्यं तिथेच साठतात.

एवढा खटाटोप नको असेल तर लॉबस्टर रोल आहे: लोण्यावर भाजलेला लांबट पाव, आत मेयोनीज आणि सेलरीत कालवलेलं गार मांस. मॅकडोनल्ड्सही या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ‘मॅकलॉबस्टर’ विकत आलं आहे. त्याची शिफारस मी करणार नाही.

या सगळ्या मानमरातबामागे एक गंमत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर शेवंड म्हणजे गरिबीचं लक्षण होतं. इतकी भरमसाट मिळायची की शेतात खत म्हणून टाकत. बरी निघायची तेवढी डबाबंद कारखान्यांत जायची. शाळेच्या डब्यात शेवंडीचं सँडविच आणणारं पोर म्हणजे कोळ्याचं, हातावर पोट असलेल्या घरचं. ते डबा लपवून खायचं. ज्याच्या डब्यात दुकानातलं मांस, त्याची ऐट. या किनाऱ्यावरच्या मेरिटाइम प्रांतांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ही हकीकत इतक्यांदा ऐकायला मिळते की ती त्या भागाची लोककथाच होऊन बसली आहे. पुढे रेल्वे, बर्फ आणि विमान आलं. आज जिवंत शेवंडी हॅलिफॅक्सच्या विमानतळावरून खोक्यांत बसून युरोपला आणि चीनला जातात.

पैसा आला तसा हक्काचा प्रश्नही आला. या बंदराचं मूळ नाव किजिपुकटुक, ‘मोठं बंदर’. ते ठेवणारे मिगमॉ लोक हजारो वर्षं इथे मासे मारत होते. १९९३ मध्ये डोनाल्ड मार्शल नावाच्या मिगमॉ माणसाला बंदीच्या काळात परवान्याशिवाय वाम पकडून विकल्याबद्दल धरलं. खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ मध्ये निकाल लागला की अठराव्या शतकातल्या करारांनी दिलेला, माफक उपजीविकेपुरतं पकडून विकण्याचा हक्क अजून जिवंत आहे. ‘माफक’ म्हणजे किती, यावरून वाद आजही चालू आहे. २०२० च्या शरद ऋतूत त्याची हाणामारी झाली आणि शेवंडी साठवलेली एक इमारत जळाली. पुढच्याच वर्षी क्लिअरवॉटर ही इथली बलाढ्य समुद्री अन्न कंपनी विकली गेली, तेव्हा विकत घेणाऱ्यांत मिगमॉ समूहांची आघाडी निम्म्याची भागीदार होती. लोण्याच्या वाटीत बुडणाऱ्या घासामागे एवढं राजकारण आहे.

हॅलिफॅक्सचं अधिकृत खाद्य मात्र शेवंड नाही. डिसेंबर २०१५ मध्ये नगरपरिषदेने रीतसर ठराव करून तो मान डोनेअरला दिला.

डोनेअर म्हणजे तुर्की डोनरचा आणि ग्रीक यीरोचा इथे जन्मलेला भाऊ. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला पीटर गामूलाकोस नावाच्या ग्रीक स्थलांतरिताने कोकराच्या मांसाचा यीरो विकून पाहिला. गावाला तो रुचला नाही. तेव्हा त्याने कोकराऐवजी मसाला लावलेलं गोमांस घेतलं, दह्या-काकडीच्या चटणीऐवजी गोड सॉस केला. १९७३ मध्ये क्विनपूल रोडवर ‘किंग ऑफ डोनेअर’ सुरू झालं. सॉसची कृती ऐकून पहिल्यांदा कोणाचाही विश्वास बसत नाही: डब्यातलं आटवलेलं दूध, साखर, व्हिनेगर आणि लसणाची पूड. दुधात व्हिनेगर पडलं की ते दाटतं. जास्त ढवळलं तर पातळ होऊन बसतं. गोड, आंबट आणि लसणीचा. कागदावर हे तीन शब्द शेजारी बरे दिसत नाहीत.

दुकानात उभं राहून बघावं. उभ्या दांड्यावर मांसाचा भलामोठा शंकू फिरत असतो. हा तुर्की डोनरसारखा मांसाच्या चकत्यांचा नसतो, वाटून मळलेल्या खिम्याचा असतो. माणूस त्याच्या पातळ कापा उतरवतो आणि गरम लोखंडी पत्र्यावर टाकतो. कडा चुरचुरून तपकिरी होईपर्यंत हलवत नाही. दरम्यान पिटा पाण्यात बुचकळून त्याच पत्र्यावर. वाफ उठते, पाव मऊ पडतो. मग पाव चांदीच्या कागदावर, त्यावर मांस, चिरलेला टोमॅटो, कच्चा कांदा, आणि शेवटी सॉस, मागितला त्यापेक्षा जास्त. कोबी किंवा लेट्यूस मागितलं तर तो नजरेनेच सांगतो की पाहुणे बाहेरगावचे आहेत. खाताना कमरेत वाकून उभं राहायचं आणि कागद घासाघासाने खाली सोलत जायचं. एकदम सगळा कागद काढला की सॉस मनगटावरून कोपरापर्यंत पोहोचतो.

हे खाणं रात्रीचं आहे. ग्राफ्टन आणि ब्लोअर्स रस्त्यांच्या चौकाला गावात ‘पिझ्झा कॉर्नर’ म्हणतात. बार बंद झाले की गर्दी तिथे लोटते, कारण या गावात विद्यार्थी उदंड: डलहौसी, सेंट मेरीज आणि आणखी काही संस्था दोन-चार किलोमीटरच्या आत आहेत. नगरपरिषदेतल्या काहींना म्हणूनच या ठरावाची लाज वाटत होती. मला उलट तो शहाणपणाचा वाटतो. कोळ्याच्या पोराने सँडविच लपवलं तसं आपलं खाणं या वेळी गावाने लपवलं नाही. पूर्व किनाऱ्यावरची पोरं तेलाच्या नोकऱ्यांसाठी पश्चिमेला आल्बर्टात गेली तेव्हा डोनेअरही बरोबर गेला, आणि आज एडमंटनमध्ये तो तितकाच मुरला आहे. गोमांस वर्ज्य असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी चिकनचा मिळतो. शिवाय गार्लिक फिंगर्स आहेत: चीज आणि लसूण-लोणी लावलेला, पट्ट्या कापलेला पिझ्झा, बुडवायला तोच गोड सॉस. शाकाहारी माणसाला डोनेअरची चव कळायचा हा सोपा मार्ग.

ग्रीक माणसाने केलेलं खाणं या गावाचं व्हावं यात नवल नाही. बंदराच्या दक्षिण टोकाला पिअर २१ आहे. १९२८ ते १९७१ या काळात जवळपास दहा लाख स्थलांतरितांनी त्या दारातून कॅनडात पाऊल ठेवलं. आज तिथे संग्रहालय आहे. लेबनीज कुटुंबं तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येत राहिली, आणि गावातली कितीतरी पिझ्झाची, किराण्याची दुकानं आणि हॉटेलं त्यांनीच चालवली. चांगला हम्मस, फलाफल, लसणीचा तूम हॅलिफॅक्समध्ये शोधावा लागत नाही. पायरस्त्यावर ‘पीस बाय चॉकलेट’चं दुकान आहे. हदाद कुटुंबाचा दमास्कसमधला चॉकलेटचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. निर्वासित म्हणून ते याच प्रांतातल्या अँटिगोनिश या छोट्या गावी आले आणि २०१६ मध्ये पुन्हा चॉकलेट करू लागले. आता लाट भारतीयांची आहे. कॉफीच्या काउंटरपलीकडून पंजाबी, मल्याळम, गुजराती कानावर पडते.

शनिवारी सकाळी मात्र दुसरं काही ठरवू नये, बाजारात जावं. हॅलिफॅक्स वसलं १७४९ मध्ये आणि शेतकरी बाजार भरू लागला १७५० मध्ये. अखंड चालत आलेला उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत जुना, असा त्याचा दावा आहे. जागा अनेकदा बदलली, हल्ली तो बंदरावरच भरतो. तिथे प्रांताचं खरं स्वयंपाकघर दिसतं. डल्स नावाचं जांभळं समुद्री शेवाळ, वाळवलेलं, नुसतं चघळायचं. ओटकेक, स्कॉटिश पूर्वजांची आठवण, ओटचं जाडसर खारं-गोड बिस्किट. याच प्रांतातल्या लूनेनबर्गकडचे विक्रेते असले तर ‘सॉलोमन गंडी’, म्हणजे व्हिनेगर-कांद्यात मुरवलेला हेरिंग मासा, आणि ‘लूनेनबर्ग पुडिंग’. या नावाला फसू नये. ते गोड नाही, मांसाचं सॉसेज आहे. १७५३ मध्ये तिथे वसवलेल्या जर्मन भाषकांनी आणलेलं. आणि चाऊ-चाऊ: कच्च्या हिरव्या टोमॅटोचं आणि कांद्याचं व्हिनेगर-मोहरीतलं लोणचं. ते फिशकेकबरोबर खातात, खारवलेला मासा आणि बटाटा एकत्र कुस्करून तळलेल्या टिक्कीबरोबर. जेवणात लोणच्याशिवाय घास न उतरणाऱ्या मराठी माणसाने एक बरणी घेऊन ठेवावी.

फिश अँड चिप्ससाठी बोटीत बसावं. हॅलिफॅक्स-डार्टमथ फेरी १७५२ पासून चालू आहे, आणि आजही ती सहल नाही, रोजच्या नोकरदारांची शहर वाहतूक आहे. पलीकडे डार्टमथला ‘जॉन्स लंच’ आहे, १९६९ पासूनचं. दिसायला अगदी साधं. मासा कुठला हे विचारलं तर उत्तर ‘हॅडक’ यायला हवं. कॉडवर या किनाऱ्याने पाचशे वर्षं पोट भरलं, पण नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला कॉड इतका घटला की सरकारला मासेमारी बंद करावी लागली. तळणीचा मान आता हॅडककडे आहे. आवरण पातळ, मासा जाड, पाकळ्या सुटणारा. चाउडर हे दुधाचं दाट सूप घेतलं तर त्यातही हॅडक, डिग्बीचे स्कॅलप, शिंपल्या. काही ठिकाणी बेकनचे तुकडेही असतात, हे पथ्य पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. शाकाहाऱ्यांनी आणखी एक विचारावं: बटाटे त्याच तेलात तळले का? बहुधा हो.

शाकाहाऱ्यांसाठी खरी पर्वणी ऑगस्ट. हॉज-पॉज म्हणजे कोवळे बटाटे, गाजर, वाटाणे, फरसबी, नुकती काढलेली, लोणी आणि साईत शिजवलेली. मसाला म्हणाल तर मीठ-मिरी. घरचं खाणं आहे, हॉटेलांत दिसलं तर सोडू नये. त्याच सुमारास रानटी ब्लूबेरी येते, गुडघ्याखालच्या झुडपांवरची, वाटाण्याएवढी. तिचा ब्लूबेरी ग्रंट करतात: उकळत्या बेरीच्या पाकात पिठाचे गोळे सोडून झाकण घालायचं.

आर्गाइल रस्त्यावरचं ‘फाइव्ह फिशरमेन’ हे हॉटेल महागातलं, पण तिथली इमारत १८१७ ची आहे आणि तिची कुळकथा मोठी. आधी शाळा, मग कलाशाळा, मग अंत्यविधीचं दुकान. टायटॅनिकचे आणि १९१७ च्या बंदरातल्या प्रचंड स्फोटाचे मृतदेह इथे आणले, असं हॉटेलवाले सांगतात. कलाशाळा ती, जी १८८७ मध्ये ॲना लिओनोवन्स या बाईच्या पुढाकाराने गावात सुरू झाली. ‘द किंग अँड आय’ या चित्रपटातली सयामच्या राजवाड्यातली शिक्षिका ती हीच. आयुष्यभर तिने आपला जन्म वेल्समधला सांगितला. प्रत्यक्षात ती १८३१ मध्ये जन्मली अहमदनगरला. नगरकर वाचकांनी पुढे जाऊन ग्रॅनव्हिल रस्त्यावरची तिच्या नावाची कलादालनंही बघावीत, तिकीट नाही.

वाईनचा शौक असेल तर ‘टाइडल बे’ मागावी. ती एका कंपनीची नाही. प्रांतातल्या द्राक्षांची, ठरलेल्या नियमांत बसणारी, चाखून मंजूर झालेली पांढरी वाईन, २०१२ पासूनची. ऑयस्टरबरोबर तिच्यापेक्षा चांगलं काही नाही, आणि संध्याकाळच्या ठरावीक वेळेत बरेच बार ऑयस्टर स्वस्तात देतात.

पायरस्त्यावर एखादं जेवण जरूर घ्या, समोर दिसणाऱ्या पाण्याचे पैसे आहेत असं समजून. बाकीची गावात घ्या. आणि तारखा हातात असतील तर मेचा दुसरा पंधरवडा पकडा: हवा सोसवेल इतकी थंड, क्रूझची गर्दी अजून पुरती सुरू झालेली नाही, आणि शेवंड खरंच समोरच्या समुद्रातली असते. ३१ मेनंतर ते सापळे नोव्हेंबरपर्यंत धक्क्यावर येतात.